पंप बदलण्याआधी टाकीचं झाकण उघडून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पानावर लांज्याच्या एका गृहस्थांचं पत्र होतं. त्यांची कार्बोरेटरवाली मारुती ८०० इथेनॉल (अल्कोहोल) मिसळलेल्या पेट्रोलने 'मारली', पेट्रोल भरून निघालं की दहा-बारा किलोमीटरच्या आत बंद पडते, टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप नवा टाकून झाला, कार्बोरेटर (पेट्रोलात हवा मिसळणारा भाग) दोनदा धुऊन झाला आणि आता भंगारवाल्याला फोन केलाय, असं त्यात लिहिलं होतं. त्यांना हात जोडून विनंती, की भंगारवाल्याला आठ दिवस थांबवा. त्या पत्रातली ओळ न् ओळ मी गेल्या गणपतीपासून दिवाळीपर्यंत भोगली आहे. माझ्या गाडीचा दोष शेवटी जिथे सापडला तिथे एकाही मेकॅनिकने डोकावलं नव्हतं. मीही नाही.

मी पालशेतचा. माध्यमिक शाळेत ३१ वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो. सर फळ्यावर जे लिहितील ते काचेच्या नळीत घडवून दाखवायचं, एवढंच माझं काम. गाडी १९९८ ची, मेव्हण्याकडून घेतलेली. नोंदणीचं नूतनीकरण तीनदा झालंय, पुढचं २०२८ ला. २० वर्षांवरच्या मोटारीसाठी त्याचं शुल्क २०२५ मध्ये १०,००० रुपये झालं, त्यामुळे तेव्हा गाडी आधी हात टेकते की मी, ते बघू.

तर २०२५ ची चतुर्थी २७ ऑगस्टला होती. त्याच्या दोन दिवस आधी मुलगा-सून यायची म्हणून शृंगारतळीला टाकी फुल केली आणि चिपळूण स्टेशनकडे निघालो. मार्गताम्हान्याच्या अलीकडे चढावर गाडीने दोन-तीन झटके दिले, ॲक्सिलरेटर दाबावा तशी आणखी मरगळली आणि गप्प झाली. सेल्फ मारला, नुसती गुरगुर. पाऊस धो धो. बॉनेट उघडून उगाच दोन वायरी हलवल्या (सगळेच हलवतात), पंधरा मिनिटं काच वर करून बसलो. मग पुन्हा सेल्फ मारला तर चालू! चिपळूणपर्यंत आणखी एकदा तसंच झालं. परत येताना मात्र चार माणसं, सामान आणि नारळाचं पोतं घेऊन एकदाही बंद पडली नाही.

दुसऱ्यांदा फजिती झाली ती धोपाव्याच्या जेटीवर. दापोलीला बहिणीकडे निघालो होतो, पलीकडे दाभोळला उतरायचं. वाटेत टाकी फुल केलेली. फेरीबोटीवर चढायच्या नेमक्या वेळी गाडी बंद. मागे डंपर, पुढे बोटीवरचा पोरगा हात हलवतोय, "काका, आणा, आणा!" काका काय आणणार? पाच जणांनी ढकलून गाडी बोटीवर घेतली. मी रुमाल भिजवून पंपावर टाकला. इंजिन तापलं की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप पेट्रोलाऐवजी वाफ चघळत बसतो, हे दुखणं घाटात मे महिन्यात पूर्वी बघितलेलं. दाभोळला एका सेल्फमध्ये गाडी चालू झाली. बहिणीच्या घरी मी सगळ्यांना वाफेवर व्याख्यान दिलं. ते साफ चुकीचं होतं. आठवड्याने भर पावसात, सकाळी साडेसहाच्या गारठ्यात, गाडी तशीच बंद पडली. त्या थंडीत पंपावर कसली वाफ होणार? ओला रुमाल नुसता निमित्त झाला होता, खरं औषध होती ती बोटीवरची दहा-पंधरा मिनिटं.

मधल्या काळात दोन गॅरेजं करून झाली. पहिल्या ठिकाणी प्लग, कंडेन्सर आणि कॉइल बदलली. दुसऱ्या ठिकाणी पंप बदलला, कार्बोरेटरला नवं किट टाकलं आणि वर सल्ला मिळाला, "सर, हे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल जुन्या गाडीला चालतच नाही. पेट्रोल टाकलं की बंद पडते हे तुम्हीच सांगताय ना?" सांगत होतो खरा. माणूस प्रामाणिक होता, मजुरीही बेताची घेतली. पण आमच्या प्रयोगवहीत साधने, कृती, निरीक्षण, अनुमान असा क्रम असायचा. त्याने अनुमान आधी लिहून टाकलं, आणि मीही त्याखाली सही केली.

मग मी एक जुनी प्रयोगवहीच काढली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तीच कृती इथे सांगतो. अशा गाड्या अजून कोकणात घरोघर आहेत आणि यातलं बरंचसं घरी करता येतं.

गाडी बंद पडल्या पडल्या प्लग काढायचा. माझा प्लग कोरडा ठणठणीत, पेट्रोलचा वाससुद्धा नाही. म्हणजे आत पेट्रोल पोचतच नाही. प्लग ओला असता तर गोष्ट उलटी: पेट्रोल जास्त होतंय, चोक अडकलाय, पेट्रोल अडवणारी सुई (नीडल) नीट बसत नाही, किंवा ठिणगीच नाही. हे एक बघितलं असतं तरी माझी कॉइल वाचली असती. त्यानंतर एअर क्लीनर बाजूला करून कार्बोरेटरच्या घशात बॅटरीचा उजेड मारायचा आणि इंजिन बंद असताना ॲक्सिलरेटरची पट्टी हाताने ओढायची. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवायच्या वाटीत, पेट्रोल आहे. माझ्याकडे बंद पडल्याबरोबर पिचकारी शून्य. पंधरा मिनिटं थांबून थोडा सेल्फ मारला की छान उडायची. या कार्बोरेटरला पेट्रोलची पातळी बघायला छोटी गोल काच असते. तिच्यात मधल्या खुणेपाशी पेट्रोल दिसायला हवं, मला काच कोरडी दिसली. म्हणजे कार्बोरेटर बिचारा उपाशी होता, आणि आम्ही त्याचं पोट धूत बसलो होतो.

पुढचा प्रयोग पंपाचा. कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडवून बाटलीत घातली, कॉइलची वायर काढून ठेवली म्हणजे कुठे ठिणगी नको, आणि सौ.ला सेल्फ मारायला बसवलं. घरासमोर, गाडी थंड असताना, पेट्रोल ठसक्या-ठसक्याने जोरात येत होतं. हाच प्रयोग रस्त्यावर बंद पडल्यावर केला (इंजिन थोडं निवू दिलं, विडीवाल्याला लांब पाठवलं) तर चार थेंब आणि बुडबुडे. नवा पंपसुद्धा खेचत होता, पण त्याच्या हाती काही लागत नव्हतं. पंपाला वेगळ्या बाटलीतून पेट्रोल पाजून बघायची आणखी एक पद्धत आहे. तापलेल्या इंजिनाशेजारी उघडं पेट्रोल ठेवायची माझी छाती नाही, तुम्हीही त्या वाटेला जाऊ नका.

आता पेट्रोलचा संशय. शाळेतून निवृत्त होताना १०० मिलिलिटरचं एक मोजपात्र मला प्रेमाने दिलं होतं, ते कामी आलं. त्यात २० मिली पाणी आणि वर ५० मिली पेट्रोल घातलं, बूच लावून हलवलं, दहा मिनिटं ठेवलं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं, त्यामुळे खालचा थर फुगतो. २० वर असलेली रेघ २९ च्या आसपास आली, म्हणजे ५० मिलीत ९-१० मिली इथेनॉल. जेवढं सांगतात तेवढंच, भेसळ काही नाही. (हे पेट्रोल परत टाकीत ओतू नका.) त्याच पेट्रोलवर शेजारच्या मुलाची २०१६ ची गाडी रोज चिपळूण करत होती, माझीही अर्ध्या वेळा धावत होतीच. मग उरलेल्या अर्ध्या वेळा काय होत होतं?

उत्तर वहीतच होतं. दर खेपेला तारीख, पाऊस-ऊन, किती किलोमीटरवर बंद पडली आणि 'टाकी किती' असे रकाने मी सवयीने पाडले होते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री ते रकाने एकाखाली एक वाचले. टाकी फुल: ८ किलोमीटरवर बंद. टाकी फुल: ९. टाकी पाऊण: ३१. टाकी अर्धी: चिपळूण जाऊन-येऊन काही नाही. टाकी पाव: काही नाही. पुन्हा फुल: ८.

'पेट्रोल टाकलं की बंद पडते' हे म्हणजे अगदी खरं होतं. फक्त दोष पेट्रोलात नव्हता, टाकीत पेट्रोलच्या वर जी जागा उरते तिच्यात होता. टाकीतून पेट्रोल बाहेर जायचं तर त्याच्या जागी बाहेरची हवा आत यावी लागते. ती वाट बंद असेल तर आतली हवा विरळ होत जाते, आणि एका मर्यादेनंतर पंपाला पेट्रोल ओढवत नाही. टाकी अर्धी असेल तर वर १४-१५ लिटर हवा असते, त्यातून एक-दोन लिटर पेट्रोल गेलं तरी फारसा फरक पडत नाही. टाकी तोंडापर्यंत भरलेली असेल तर वर जेमतेम दीड-दोन लिटर हवा. तिथे अर्धा लिटर पेट्रोल गेलं की टाकी श्वास कोंडल्यासारखी होते. आणि अर्धा लिटर म्हणजे माझ्या गाडीचे आठ किलोमीटर! पंधरा मिनिटं थांबलं की कुठून तरी चिरीमिरीने हवा आत झिरपते आणि गाडी पुन्हा चालू होते. हे मी सौ.ला मोठ्या उत्साहाने समजावलं, तर ती म्हणाली, "तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडतात ती कशाला, हे तुमच्या शाळेत शिकवत नव्हते का?" यावर मी काय बोलणार.

दुसऱ्या दिवशी टाकी फुल केली आणि मुद्दाम त्याच चढाला गेलो. आठव्या किलोमीटरला झटके सुरू झाले, गाडी कडेला घेतली, किल्ली फिरवून टाकीचं झाकण उघडलं. फु-स्-स्-स्! चांगला तीन-चार सेकंद आवाज, आणि तोही हवा आत शिरण्याचा. सेल्फ मारला, चालू. झाकण अर्धवट बसवून चिपळूणला गेलो आणि आलो, एकदाही बंद नाही. अर्थात झाकण सैल ठेवून फिरणं हा इलाज नव्हे. वळणावर पेट्रोल सांडतं, पावसाचं पाणी आत जातं.

हवा घ्यायला टाकीला वेगळी बारीक नळी असते. माझ्या गाडीची मूळ नळी आधीच्या कुणीतरी बदलून साधी रबरी नळी लावली होती, तिचं तोंड मागच्या चाकाशेजारी उघडंच. गाडीखाली गोणपाट टाकून आडवा झालो, नळी उपटली आणि डोळ्याला लावली. आरपार काही दिसेना. सायकलची तार आत सारली तर भुरभुर लाल माती पडू लागली, मग मातीचा एक गोल ढेकूळ आला, त्यामागे सुकलेल्या तीन हिरवट अळ्या. कुंभारणीचं, म्हणजे मातीचं घरटं करणाऱ्या माशीचं घर! पावसाळ्यात गाडी तीन महिने पडवीत उभी असते. लाकडाच्या भोकात, विजेच्या बोर्डात, कुलपात, जिथे बोट शिरणार नाही तिथे कुंभारीण माती आणून लिंपते, पिलांना खायला अळ्या कोंबते आणि तोंड बुजवून निघून जाते. चिखलच तो, वाळल्यावर थोडा भेगाळलेला, म्हणून पंधरा मिनिटांत हवा झिरपत होती. नळी धुतली, तोंडावर तांब्याची बारीक जाळी बांधली. खर्च शून्य. आधीचे पंप, कॉइल, किट आणि मजुरी मिळून ४,३०० रुपये झाले होते, ते आकडे वहीच्या मागच्या पानावर आहेत.

आता तुम्ही म्हणाल, कुंभारीण काय दर वर्षी येत असेल, मग हे याच वर्षी का? हाच प्रश्न मलाही पडला आणि त्याचं उत्तर माझ्याच खिशातून निघालं. २०२४ च्या पावसाळ्यानंतर माझ्या टाकीत पाणी सापडलं होतं. जुन्या झाकणाची रबर रिंग चिरली होती, पन्हाळीचं पाणी थेट त्यावर गळत होतं. बुडातून काढलेलं पेट्रोल बरणीत ठेवलं तर खाली वेगळा, किंचित गढूळ थर. इथे इथेनॉलला पूर्ण दोषमुक्त करता येत नाही. साध्या पेट्रोलात पाणी पडलं तर ते एकटंच तळाला बसतं. इथेनॉलचं पेट्रोल आधी थोडं पाणी पोटात घेतं आणि मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी जोडीने तळाला जातात. पेट्रोल ओढणारी नळी तळाशीच असते, त्यामुळे इंजिनाला पहिला घोट त्याच थराचा मिळतो. तेव्हा मी टाकी रिकामी करून घेतली आणि बाजारातून कुलपाचं नवं घट्ट झाकण आणलं. जुनं झाकण चिरलेल्या रिंगेतून पाणी घेत होतं, पण हवाही घेत होतं. नवं काहीच घेईना. पुढच्या पावसाळ्यात कुंभारणीने उरलेली वाटही बुजवली. म्हणजे अर्धा आरोपी मीच.

आणखी एक गोष्ट इथेनॉलच्या नावावर लिहायला हवी. पंपाजवळची दोन वीत रबरी नळी हातात घेतली तर बोटाला काळं लागत होतं, आणि दाबली की मऊ पडून पुन्हा फुगत नव्हती. जुन्या गाड्यांचं रबर या पेट्रोलसाठी बनवलेलं नाही. ती नळी, पंपाचा पडदा, कार्बोरेटरमधले सील हे जुन्या गाडीत मुकाट्याने बदलावेत आणि दुकानात इथेनॉलला टिकणारी नळी मागून घ्यावी. मायलेजही थोडं घटतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जवळजवळ दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या चारचाकींचं मायलेज ६ ते ७ टक्के आणि दुचाकींचं ३ ते ४ टक्के घटेल असा अंदाज दिलाय. माझी गाडी १७ ची १६ वर आली, म्हणजे हिशेब जुळतो. पण मायलेज एकाने कमी होणं वेगळं आणि आठ किलोमीटरवर ठप्प होणं वेगळं. दोन्ही एकाच खात्यावर मांडलं की खरा दोष सापडत नाही, आणि पेट्रोलविरुद्धची खरी तक्रारही कुणी ऐकत नाही.

ती खरी तक्रार अशी. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे सुटे भाग २० टक्के इथेनॉलला टिकतील असे, आणि एप्रिल २०२५ पासूनची इंजिनं त्यासाठी जुळवलेली, असा त्याच अहवालातला आराखडा होता. जुन्या वाहनांसाठी १० टक्क्यांचं पेट्रोलही मिळत राहावं, हाही विचार त्यात होता. आमच्या तालुक्यात मी तीन पंपांवर विचारलं, १० टक्क्यांचं पेट्रोल एकाही ठिकाणी नाही. तालुक्यात निदान एका पंपावर ते ठेवा, आणि प्रत्येक नोझलजवळ ठळक मराठीत टक्केवारी लिहा, एवढंच मागणं आहे. इथे फक्त माझ्यासारख्या हौशी म्हाताऱ्यांचा प्रश्न नाही. छोट्या होड्यांना पेट्रोलची आउटबोर्ड इंजिनं आहेत, कॅन उघड्यावर, खाऱ्या पाण्याच्या तुषारात. त्या कॅनमध्ये पाणी उतरलं आणि इंजिन खाडीच्या तोंडाशी बंद पडलं तर तिथे ढकलायला पाच माणसं मिळत नाहीत. बागायतदारांचे ग्रास कटर वर्षातले सात-आठ महिने खुंटीला टांगलेले असतात. त्यांची टाकी रिकामी करून, कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालवूनच ते टांगावेत, नाहीतर श्रावणात दोरी ओढून खांदा निखळतो. स्वानुभव आहे.

पत्र लांबलंय. जागा नसेल तर माझं शुल्काचं रडगाणं कापा, 'टाकी किती' हा रकाना तेवढा राहू द्या.

लांज्याच्या गृहस्थांनी इतकंच करावं: टाकी फुल करून निघावं, गाडी बंद पडली की बॉनेटला हात न लावता आधी मागे जाऊन झाकण उघडावं आणि कान द्यावा. आवाज आला तर नळीत तार घालावी. नाही आला तर प्लग काढून ओला की कोरडा ते बघावं आणि आपल्याच पानावर कळवावं, मी वाचतोय. माझ्या नळीतला मातीचा ढेकूळ आणि त्या तीन अळ्या काचेच्या बाटलीत घालून ठेवल्या आहेत. कार्बोरेटरला किट बसवणाऱ्या मेकॅनिकला मी त्या दाखवल्या. त्याने बाटली दोनदा फिरवून पाहिली आणि विचारलं, "सर, ही ओम्नीच्या नळीत पण शिरत असेल काय हो? माझ्याकडे एक उभी आहे, पेट्रोल टाकलं की बंद पडते."

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
पालशेत, ता. गुहागर, जि. रत्नागिरी